क्षमा आणि सुटका
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आजच्या सभेचा विषय फळ्यावर लिहिलेला आहे, "सुधारलेल्या गुन्हेगाराला क्षमा व मुक्तता मिळावी काय?" विषय मोठा आहे आणि बोलणारी लहान आहे. परंतु हा विषय समितीला एकाएकी का सुचला हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात आपल्या पापड-लोणच्याच्या विभागात काम मिळावे म्हणून एक बाई अर्ज घेऊन आली. ती नऊ वर्षे तुरुंगात होती. तिचा गुन्हा काय तो मी इथे उच्चारणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना आहे, आणि स्मरणिकेत तो छापला जावा असे मला वाटत नाही. त्या अर्जावर अजून निर्णय झालेला नाही. तेव्हा आपण विषय कितीही मोठा लिहिला तरी बोलायचे आहे ते त्या अर्जाविषयीच, असे धरून मी बोलते.

माझ्या आधी बोललेल्या ताईंनी वाल्या कोळ्याचा दाखला दिला. तो देणारच. आपल्याकडे हा विषय निघाला की पहिले नाव वाल्याचेच. माउलींची पालखी वाल्ह्याला मुक्काम करते, तिथे मी वारीबरोबर दोनदा राहिले आहे, आणि तीच गोष्ट दर वेळी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकली आहे. वाल्या वाटसरूंना मारी आणि एकेका माणसामागे रांजणात एक खडा टाकी. सात रांजण भरले. मग नारद भेटले, त्याने घरी जाऊन विचारले, बायको म्हणाली की तुमच्या पापात माझा वाटा नाही, आणि पुढे वाल्याचा वाल्मीकी झाला. गोष्ट ऐकून सगळ्यांचे हात जोडले जातात, माझेही जोडले जातात. पण दुसऱ्या वर्षी तिथे चुलीपाशी बसले असताना माझ्या मनात आले की त्या खड्यांचे काय झाले? वाल्मीकींनी रामायण लिहिले तरी रांजण तिथेच होते ना? एकेका खड्याच्या घरी कुणी बाई दिवा लावून वाट बघत बसली असेल. तिला कुणी जाऊन सांगितले का, की बाई, ज्याने तुझ्या नवऱ्याला मारले तो आता ऋषी झाला आहे, तू आता मनातून काढून टाक?

हे मी वाल्मीकींना कमी लेखायला बोलत नाही. माझ्या डोळ्यांसमोर माझी मामी असते म्हणून बोलते.

माझे आजोळ माणदेशातले. पाण्याचा दुष्काळ जन्माचा. १९९३ साली विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झाले आणि भावकीतल्याच एकाने माझ्या मामाला कुऱ्हाडीने मारले. मी तेव्हा बारा वर्षांची होते. मामा चांगला होता की भांडखोर होता, आधी हात कुणी उचलला, हे सगळे कोर्टात झाले, ते मी उगाळीत नाही. मामी तिशीची होती, पदरात तीन मुले, धाकटा अंगावर पिणारा. मारणारा नात्याने तिचा चुलत दीर. लग्नात त्यानेच तिच्या रुखवताची ट्रंक डोक्यावरून आणली होती. त्याला जन्मठेप झाली.

सोळा वर्षांनी, २००९ साली, तो सुटून गावी आला. गेला तेव्हा दांडगा गडी होता. आला तेव्हा केस पांढरे, बोलणे हळू, तुरुंगात सुतारकाम शिकलेला. दारू नाही, शिवी नाही. तुम्ही म्हणता तसा सुधारलेला. त्यात खोट नव्हती हे मीही सांगते. पण गावातल्या वडीलधाऱ्यांना घाई झाली. मारुतीच्या पारावर बैठक बसली आणि मामीला बोलावणे गेले. त्याने तुझ्या पायावर डोके ठेवावे, तू माफ केले म्हणावेस, नारळ फोडावा आणि भावकीतले वैर मिटवावे, असा त्यांचा विचार. विचार वाईट नव्हता. परंतु मामी पारापर्यंत गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "माफ कराय मी कोन? ज्येला मारलं त्येला इचारा." आणि परत आली. त्या रात्री तिला सगळ्यांनी बोल लावला. बाईचे काळीज दगडाचे, देवसुद्धा माफ करतो, असे पुष्कळ. ज्याने कुऱ्हाड चालवली तो त्या रात्री गावात बिचारा ठरला आणि माझी मामी दुष्ट ठरली. हे मी माझ्या कानांनी ऐकले.

पुढची गोष्ट ऐका. दोनतीन महिन्यांनी गावातल्या काही पोरांनी उलटाच पवित्रा घेतला. मामीच्या बाजूचे म्हणवणारे हे. त्यांनी गिरणीवाल्याला सांगितले की खुन्याच्या घरचे दळण घ्यायचे नाही. त्याची सून डबा घेऊन गेली, तो तसाच परत आला. मामीला हे कळले तेव्हा ती भाकऱ्या थापीत होती. हात तसेच पिठाचे, आणि गिरणीवर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "दळान कुनाचं बी आडवू नका. त्येनं त्येचं भोगलं. माझं आजून चालूच हाय, पर त्ये दळनात कशाला आनता?" आणि वर म्हणाली, "त्येला गिरनीवर येऊ द्या. माझ्या दारात नगं."

भगिनींनो, मी सातवीपर्यंत शिकले. कायद्याची पुस्तके वाचलेली नाहीत. परंतु आजच्या विषयावर ह्याहून शहाणे बोलणे मी ऐकलेले नाही. फळ्यावर आपण "क्षमा व मुक्तता" असे एका दमात लिहिले आहे, जणू मीठ-मिरचीसारखी ती जोडीनेच यायची. मामीने ती वेगळी केली. गिरणीवर येणे ही मुक्तता. ती द्यायची की नाही हे सरकारने, कायद्याने आणि गावाने ठरवावे. दारात येणे ही क्षमा. ती फक्त दार ज्याचे त्यानेच द्यायची.

आपली भाषाच इथे थोडा घोटाळा करते. तुरुंगात चांगली वागणूक ठेवली, नेमलेले काम केले, की शिक्षेचे काही दिवस कमी होतात, त्यालाही माफी म्हणतात. शाळेची फी माफ, शेतसारा माफ, तशी शिक्षेतली माफी. तो हिशेब आहे. त्यात कुणाच्या मनाचा प्रश्न नाही. आणि जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे आपण समजतो तेही बरोबर नाही. आपल्या मंडळाच्या एका वकील हितचिंतक बाईंनी मला समजावून दिले की जन्मठेप म्हणजे कायद्याने जन्माचीच शिक्षा. सरकार ती कमी करू शकते. परंतु ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात चौदा वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारलाही तशी सूट देता येत नाही. हा नियम १९७८ साली कायद्यात घातला गेला आणि २०२४ च्या जुलैपासून जी नवी संहिता लागू झाली तीतही तो ठेवला आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल ह्यांचा माफीचा अधिकार घटनेतला, तो निराळा. म्हणजे चौदा वर्षांनी दार आपोआप उघडत नाही. ते उघडावे असा अर्ज करता येतो, एवढेच.

आता, माणूस खरोखर सुधारला हे ओळखायचे कसे? तुरुंगात पहारा असतो, भिंत असते, तिथे गरीब होऊन राहणे पुष्कळांना जमते. सासूसमोर आपण सगळ्याच गरीब असतो. खरी परीक्षा भिंत नसताना. आणि ह्या बाबतीत माझ्या आजोळच्या मुलखाला बोलण्याचा हक्क आहे, कारण आटपाडीजवळची स्वतंत्रपूरची वसाहत आमच्याच भागातली. लहानपणी त्या बाजूने जाताना मोठी माणसे बोट करून दाखवीत, ती बघ कैद्यांची वस्ती. आम्ही डोळे मोठे करून बघायचो. दिसायचे काय, तर शेते, कोंबड्या आणि धुणे वाळत घातलेल्या बायका. आमची फार निराशा व्हायची.

ही वसाहत १९३९ सालची. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, ते आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याकडे मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडचे एक इंजिनियर आले होते. ते पुढे इथलेच झाले आणि भारतानंद म्हणून ओळखले गेले. त्यांनी राजेसाहेबांपुढे कल्पना मांडली की कैद्यांना कोंडून ठेवण्यापेक्षा माळावर जमीन द्या, शेती करू द्या, बायकामुले बरोबर राहू द्या. राजेसाहेबांनी ती मानली. खुनाची शिक्षा झालेली माणसे उघड्या माळावर! त्या काळी लोक किती घाबरले असतील ह्याची कल्पना करा. संस्थान गेले, राज्ये बदलली, वसाहत राहिली. पुढे महाराष्ट्रात येरवडा, पैठण अशा ठिकाणीही खुली कारागृहे झाली.

ह्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी १९५७ साली "दो आँखें बारह हाथ" हा चित्रपट काढला. माडगूळकर त्याच मुलखातले. चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ साली बर्लिनलाही गौरव झाला. आपल्यापैकी अनेकींनी तो पाहिला असेल, आणि रडल्याही असाल. मीही रडले. परंतु चित्रपटात बायकामुलांना फारशी जागा नाही. सहा कैदी, एक जेलर आणि खेळणी विकणारी ती एक. खऱ्या स्वतंत्रपूरचे मला मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीसाठी. तिथे कैद्याची बायको चूल मांडते. नवरा गुन्हा करतो आणि बायको चौदा वर्षे बाहेर शिक्षा भोगते, असेच आपल्याकडे चालते. तिथे निदान तिला घर मिळाले. आणि पळून जाणे सोपे असताना माणसाला धरून ठेवायला भिंत नाही, संध्याकाळची भाकरी आहे, हे ज्याला सुचले त्याने संसार जवळून पाहिला असला पाहिजे.

बाईच्या बाबतीत मात्र हे उलटे होते. नवरा तुरुंगात गेला तर बायको डबा घेऊन भेटीला जाते. बायको गेली तर? आपल्याकडे अर्ज घेऊन आलेल्या त्या बाईने मला सांगितले की नऊ वर्षांत तिला भेटायला आई आली, तीही तीनदा. आई गेली आणि भेटी संपल्या. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकते. तिचा मुलगा तसा राहिला आणि मग नातेवाइकांकडे गेला. आता तो तिला मावशी म्हणतो. मी ह्यावर काही बोलत नाही.

आता क्षमेकडे येते. क्षमा करणारी माणसे नसतात असे नाही. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात गरीब शेतमजुरांत काम करीत. सावकारांचा त्यांच्यावर राग होता. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्या इंदूरला निघाल्या असताना बसमध्येच समुंदर सिंग नावाच्या माणसाने त्यांना भोसकले. पन्नासहून अधिक वार. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि त्याच्या हाताला राखी बांधून आली. राखी! पुढे आईनेही त्याला जवळ केले. त्याच्या सुटकेसाठी ह्याच घरच्या माणसांनी शब्द टाकला आणि २००६ साली तो सुटला. २०१७ साली इंदूरला राणी मारियांना धन्य म्हणून घोषित करण्यात आले, त्या समारंभाला तोही हजर होता.

हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मला हे जमले नसते. मामीलाही जमले नाही. पण एक लक्षात घ्या की सेल्मीताई आपल्या पायांनी तुरुंगात गेल्या. त्यांना पारावर बोलावून घेतले नव्हते. आणि अशा गोष्टी आपण ज्या हौसेने सांगतो तिची मला थोडी भीती वाटते. एकीने राखी बांधली की दुसरीला लगेच विचारतात, तिने बांधली, तुला काय झाले? क्षमा म्हणजे हळदीकुंकवाचे वाण नव्हे की शेजारणीने लुटले म्हणून आपणही लुटावे.

ह्याच्या उलटे उदाहरणही आपल्या डोळ्यांसमोरचे आहे. २००२ च्या गुजरातच्या दंगलीत बिल्कीस बानो ह्या बाईवर अत्याचार झाला, त्या वेळी ती गरोदर होती. तिच्या तीन वर्षांच्या मुलीला आणि घरच्या माणसांना मारले. खटला मुंबईला चालला आणि २००८ साली अकरा जणांना जन्मठेप झाली. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने त्या अकरांना सोडले. बाहेर त्यांना हार घातले, पेढे भरवले. ते चित्र आपण सर्वांनी पाहिले. बिल्कीसबाईंनी त्या वेळी म्हटले होते की एवढा निर्णय घेण्याआधी माझ्या सुरक्षिततेची कुणी चौकशीसुद्धा केली नाही. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता आणि अधिकार गुजरातचा नव्हताच. अकराही जण पुन्हा तुरुंगात गेले. कायद्याचा मुद्दा झाला तो. माझ्या डोक्यातून जात नाहीत ते हार. समजा, एखादा माणूस शिक्षा भोगून, सुधारून, कायद्याने सुटला तर सुटो. त्याने खाली मान घालून घरी जावे. हार कशाचे? ज्याच्या गळ्यात हार पडतो तो सुधारला आहे हे मी कशावरून मानू?

माझ्या गावच्या त्या सुताराच्या गळ्यात कुणी हार घातला नाही हे त्याचे भाग्यच म्हणायचे. तो पुढे कामाला लागला. चौकटी, बैलगाडीचे दांडे, देव्हारे करीत असे. मामीच्या घरचे सुतारकाम मात्र शेजारच्या गावचा माणूस येऊन करी, जास्त पैसे देऊन. तो वाटेत दिसला तर मामी पदर सावरून बाजूने जाई. शिवी नाही, शब्द नाही. दहा वर्षे अशी गेली. २०१९ साली मामी वारली. आम्ही सगळे जमलो होतो. तो बाहेर शेताच्या ताटीपाशी उभा होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. कुणी त्याला ये म्हटले नाही, जा म्हटले नाही. माझा मामेभाऊ, जो बाप मेला तेव्हा दूधपिता होता, त्याने एकदा तिकडे पाहिले आणि मान फिरवली. मडके घेऊन पुढे झाला. तो माणूस सगळ्यांच्या मागून, बरेच अंतर ठेवून, स्मशानापर्यंत चालत आला.

तर आता आपल्या अर्जाविषयी. गेल्या बैठकीत तीन आक्षेप आले. पहिला, गिऱ्हाईक आपला माल घेणार नाही. मला वाटते गिऱ्हाईक पापड भाजून बघते, तो फुलला तर घेते. दुसरा, कार्यालयात मुले येतात. येतात हे खरे, म्हणून सुरुवातीला ती एकटी असणार नाही अशा वेळा ठेवाव्यात; मी रोज दुपारी तिच्या पाटाशेजारी बसायला तयार आहे. तिसरा, पेटीतले पैसे. पेटीची किल्ली पहिल्याच दिवशी तिच्या हाती द्या असे मी म्हणत नाही. मलाही ती दोन वर्षांनी मिळाली होती, आणि तेव्हाही कोषाध्यक्षाबाईंनी दोनदा मोजून दिली होती.

आणि एक आक्षेप असा होता की तिला घेणे म्हणजे आपण तिला क्षमा केल्यासारखे होईल. त्याचे उत्तर मी मघाच देऊन बसले. भगिनींनो, आपण तिला क्षमा करू शकत नाही. तिने आपले काही केलेलेच नाही. ज्यांचे केले ती माणसे दुसऱ्या तालुक्यात आहेत, आणि त्यांच्या दारात तिने जावे की न जावे हे तिने आणि त्यांनी बघावे. आपल्याजवळ आहे तो पाट, लाटणे आणि किलोमागे ठरलेली मजुरी. ती इतरांना जी देतो तीच तिला द्यावी. एक पैसा कमी नाही आणि दयेचा म्हणून एक पैसा जास्त नाही. तिला सभेत उभे करून तिची हकीकत सांगायला लावू नये. आणि कृपा करून पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत "पतितांचा उद्धार" असे लिहून तिचा फोटो छापू नये.

उडदाचे पीठ उद्या दळून येणार आहे. सोमवारी लाट्या करायला हात कमी आहेत. समितीने आज होकार दिला तर तिला निरोप मी देते, घर माझ्या वाटेवरच आहे.